चूक कोणाची, भरपाई कोणाकडून? मोटार अपघाताच्या दाव्याचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा आणि गाडीच्या विम्याचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. पॉलिसी कोणती घ्यावी हे मी सांगणार नाही, त्यातलं मला एजंटापेक्षा जास्त कळत नाही. पण अपघात झाल्यावर गर्दीतून पहिला प्रश्न येतो तो 'चूक कोणाची?' आपल्याकडे अहिराणीत विचारतील, 'चूक कोनी शे?' हा प्रश्न मात्र आमच्या विषयाचा आहे. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञानाची संस्था काढली, तिथे कर्म, कारण आणि जबाबदारी यांवर जेवढा खल झाला असेल, त्याचाच एक व्यवहारी तुकडा धुळ्याच्या किंवा जळगावच्या अपघात दावा न्यायाधिकरणात रोज चघळला जातो. तिथे त्याला रुपयांचं मोल असतं, एवढाच फरक.

महाभारतातून सुरुवात करतो. अनुशासनपर्वाच्या आरंभी भीष्म शरपंजरी पडलेले आहेत आणि युधिष्ठिराला वाटतंय, हे सगळं माझ्यामुळे झालं. तेव्हा भीष्म त्याला गौतमीची गोष्ट सांगतात. गौतमी ही एक वृद्ध बाई, तिचा मुलगा सर्पदंशाने मरतो. अर्जुनक नावाचा पारधी साप पकडून आणतो आणि म्हणतो, सांग, याला कसा मारू? साप म्हणतो, मी कोण? मला मृत्यूने पाठवलं, कुंभाराच्या हातातल्या दांड्यासारखा मी परतंत्र. मृत्यू येऊन म्हणतो, मला काळाने पाठवलं. काळ येतो आणि म्हणतो, आम्ही कोणीच नाही, मुलाचं कर्मच कारण. शेवटी साप सुटतो.

आता ही गोष्ट न्यायाधिकरणात उभी करून बघा. ड्रायव्हर म्हणतो, ब्रेक लागला नाही. मालक म्हणतो, मी गाडी गॅरेजवाल्याकडून तपासून घेतली होती. विमा कंपनी म्हणते, समोरच्याची चूक. समोरच्याची कंपनी म्हणते, मयताचीच चूक, त्याने हेल्मेट घातलं नव्हतं. हुबेहूब तीच साखळी! फक्त गौतमीने कोणाकडे काही मागितलं नाही. समजा तिने विचारलं असतं, 'माझा कमावता मुलगा गेला, आता म्हातारपणी मी जेवू काय?' तर त्या चौघांपैकी कोणी उत्तर द्यायचं? चूक कोणाची हा एक प्रश्न आणि नुकसान कोणी सोसायचं हा दुसरा. कायद्याच्या इतिहासात हे दोन प्रश्न आधी एकच होते, मग हळूहळू वेगळे होत गेले, आणि अजून पुरते वेगळे झालेले नाहीत. मी आज एवढंच दाखवणार आहे.

इंग्लंडमध्ये फार जुनी एक पद्धत होती, दिओदांद नावाची. म्हणजे देवाला द्यायची वस्तू. माणूस ज्या वस्तूमुळे मेला ती वस्तू, मग बैल असो की गाडीचं चाक, राजाकडे जमा व्हायची किंवा तिची किंमत भरावी लागायची. चूक वस्तूची! ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण आगगाडी आली तेव्हा हा नियम रेल्वे कंपन्यांना जड जायला लागला. १८४१ साली सॉनिंगला अपघात झाला तेव्हा ज्युरीने इंजिनावर हजार पौंड लावले. १८४६ साली दिओदांद रद्द झालं आणि त्याच वर्षी दुसरा कायदा आला, की दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने माणूस मेला तर त्याच्या कुटुंबाला भरपाई मागता येईल. त्याआधी इंग्रजी न्यायालयं म्हणत, माणूस जखमी झाला तर त्याने दावा करावा, मेला तर दावा त्याच्याबरोबर संपला. म्हणजे जखमी करण्यापेक्षा मारणं स्वस्त.

बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली सुरू झाली आणि १८५५ साली हाच कायदा हिंदुस्थानात आला. त्यात भरपाई पत्नी, पती, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी होती, भाऊ नव्हता. आपल्याकडे थोरल्या भावाच्या जिवावर घर चालतं हे लंडनला कुठून माहीत असणार? मोटार अपघातात भावालाही दावा करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका एसटी अपघातात स्पष्ट केलं ते १९८७ साली. असो, हे जाता जाता.

१८५५ च्या कायद्याचा पाया एकच होता: समोरच्याची चूक सिद्ध करा, मग पैसे. मोटारी आल्या तरी पाया तोच राहिला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा करणारं प्रकरण होतं, पण ते प्रत्यक्ष लागू झालं १ जुलै १९४६ पासून. सक्ती कशासाठी? मालकाकडे पैसा नसेल तर हुकूमनामा कागदावर राहतो म्हणून. म्हणजे 'देणार कोण' या प्रश्नाचं उत्तर बदललं, 'चूक कोणाची' हा प्रश्न जागच्या जागी. पूर्व खानदेशातल्या एखाद्या विधवेला दिवाणी कोर्टात कोर्ट फी भरून दावा लावावा लागे. १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र दावा न्यायाधिकरणाची सोय झाली, फीचा आणि साक्षीपुराव्याचा जाच कमी झाला. पण ड्रायव्हरची हयगय सिद्ध करायचं ओझं तिच्याच डोक्यावर.

इथे एक मुंबईचा खटला सांगितला पाहिजे. १९६३ मध्ये एका ट्रकची मोटारीला धडक बसली. ट्रकवाल्यांचं म्हणणं, गाडीतच दोष निर्माण झाला, ड्रायव्हर काय करणार? मुंबई उच्च न्यायालयाने या निमित्ताने मोठं धाडसी विधान केलं, की सक्तीच्या विम्याच्या या कायद्याखाली निष्काळजीपणा सिद्ध करायची गरजच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ते खोडून काढलं. चूक नाही तर जबाबदारी नाही, असं म्हणाले. मात्र सोबत हेही सांगितलं, की यांत्रिक बिघाडाचा बचाव घ्यायचा असेल तर योग्य ती सगळी काळजी घेतली होती हे मालकाने दाखवायचं. हा दुसरा भाग फार कमी लोकांना ठाऊक असतो. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरला कंटेनर वाहनांना उडवत हॉटेलात घुसला तेव्हा 'ब्रेक फेल' हे दोन शब्द सगळीकडे फिरले, आणि लोकांना वाटलं, संपलं, यंत्राची चूक, कोणाला धरणार? तसं नाही. ब्रेक निकामी होणं ही सबब आहे, सुटका नाही. बिजासन घाट उतरताना गाडी गिअरमध्ये होती का, वजन किती होतं, ब्रेकची देखभाल कधी झाली, हे मालकाला विचारता येतं.

पण १९७७ च्या त्या निकालाने एक अस्वस्थता उरली. रात्रीच्या अपघाताला साक्षीदार नसतो. ट्रक निघून जातो. मेलेला माणूस सांगायला येत नाही. चूक सिद्ध करायची तरी कशी? विधी आयोगाने आणि स्वतः सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष-दायित्वाची गरज बोलून दाखवली होती. निर्दोष-दायित्व म्हणजे चूक न बघता द्यायची भरपाई. अखेर १ ऑक्टोबर १९८२ पासून १९३९ च्या कायद्यात ९२-अ हे कलम आलं. मृत्यूला १५ हजार, कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार, आणि मयताची स्वतःची चूक असली तरी ही रक्कम अडवायची नाही. रक्कम लहान, पण तत्त्व म्हणून हा मोठा उंबरठा ओलांडला होता. चुकीवर भांडा तुम्ही नंतर, आधी घरात काहीतरी जाऊ द्या.

त्याची खरी परीक्षा महाराष्ट्रातच झाली. २९ ऑक्टोबर १९८७, सातारा जिल्हा, कवठे गावाजवळचा पुणे-बंगळूर महामार्ग. पहाटे तीनच्या सुमाराला पेट्रोलचा टँकर आणि एक ट्रक यांची धडक झाली, टँकर रस्त्याच्या कडेला कलंडला, पेट्रोल गळायला लागलं. उजाडलं तशी गावातली माणसं जमली. काही बघायला, काही, स्पष्टच बोलायचं तर, भांडी घेऊन. सव्वासातच्या सुमाराला स्फोट झाला आणि चाळीसच्या वर माणसं गेली.

एका मयताच्या आईने ९२-अ खाली १५ हजार मागितले. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला: अपघात तीनला झाला, स्फोट चार तासांनी झाला, त्याचा मोटार वापरण्याशी संबंध काय? टँकर तर पडून होता! मुंबई उच्च न्यायालयाने उलट निर्णय दिला आणि १७ जुलै १९९१ ला सर्वोच्च न्यायालयाने तोच कायम केला. धडक, गळती आणि स्फोट ही एकच साखळी आहे, आणि 'वापर' म्हणजे फक्त चाकं फिरणं नव्हे. टँकर उलटून पडला असला तरी तो वापरात होता.

मला या निकालात काय महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. ती माणसं पेट्रोल घ्यायला गेली होती का, हा प्रश्न कोणीतरी उभा केलाच असणार. गावगप्पांमध्ये तर नक्कीच. 'मरायलाच गेले' हे आपण किती सहज म्हणतो! ९२-अ ने या वाक्याला जागा ठेवली नव्हती. कायद्याने प्रथमच आपल्याला सांगितलं, की आईच्या हातात पैसे ठेवण्याआधी तिच्या मुलाचं चारित्र्य तपासायचं नाही. आणि त्यासाठी रक्कम किती, तर १५ हजार. तेवढ्यासाठी प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं.

१९८८ च्या नव्या कायद्यात ही रक्कम २५ हजार झाली, १९९४ साली ५० हजार. त्याच १९९४ च्या दुरुस्तीने १६३-अ आलं: वय आणि उत्पन्नाच्या कोष्टकावरून हिशेब, चूक बघायची नाही. पण बघा, जुना प्रश्न मागच्या दाराने कसा परत येतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने म्हटलं, १६३-अ मध्येही विमा कंपनीला मयताच्या चुकीचा बचाव घेता येईल. सहा वर्षांनी, २०१७ मध्ये, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं: नाही घेता येणार. आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही सगळी जुनी कलमं जाऊन १६४ आलं आहे, १ एप्रिल २०२२ पासून लागू. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, चुकीची चौकशी नाही. न्यूझीलंडने तर १९७४ पासून अपघाताच्या दुखापतीसाठी दावा लावण्याची वाटच जवळपास बंद केली आणि सगळ्यांना सार्वजनिक निधीतून भरपाई सुरू केली. आपण तिथवर गेलो नाही. पाच लाखांपेक्षा जास्त, म्हणजे माणसाच्या खऱ्या कमाईच्या हिशेबाने हवं असेल, तर कलम १६६ आणि पुन्हा तेच: चूक कोणाची?

म्हणून आता वादाच्या प्रसंगाकडे येऊ. एक कल्पित उदाहरण घेऊ. पारोळ्याच्या अलीकडे, रात्रीची वेळ. कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्यात उभी, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मागून मोटार येते, वेग जास्त, आणि धडकते. मोटार चालवणारा जातो, शेजारी बसलेला त्याचा साडूही जातो. समजा न्यायाधिकरणाने ठरवलं, ट्रॅक्टरची चूक ७० टक्के, मोटारवाल्याची ३० टक्के. आणि समजा दोन्ही घरांचं नुकसान १० लाख धरलं.

चालकाच्या कुटुंबाला मिळतील ७ लाख, कारण त्याच्या वाट्याची ३० टक्के चूक वजा होते. साडूच्या कुटुंबाला मात्र पूर्ण १० लाख. त्याची काहीच चूक नाही, तो नुसता बसला होता. त्याच्यासाठी ही दोघांची मिळून झालेली चूक आहे, आणि त्याच्या घरच्यांनी दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम घ्यावी. त्या दोघांनी आपसात वाटणी करत बसावं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये हे नीट समजावून सांगितलं आहे. एकच गाडी, एकच धडक, दोन सीटवर दोन हिशेब. घरचे लोक पुष्कळदा एकच वकील घेतात, एकच कहाणी सांगतात. आणि 'आमच्या भाऊची काहीच चूक नव्हती' असा हट्ट साडूच्या बायकोकडूनही धरून घेतात. नातं म्हणून समजू शकतो. पण मोटारवाल्याची चूक नाकारून तिला काही मिळत नाही. उलट पूर्ण दोष ट्रॅक्टरवर टाकला आणि ट्रॅक्टरचा विमाच नसला, तर तिच्या हातात फक्त ट्रॅक्टरवाल्याची जमीन उरते, आणि ती विकून घ्यायला कोणाचं मन होतं?

आता पुराव्याचं. आपल्याकडच्या फिर्यादींची भाषा तुम्ही वाचली असेल: 'ताब्यातील वाहन भरधाव वेगात, निष्काळजीपणे, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून'. शंभर फिर्यादी काढा, शंभरांत तेच वाक्य. जो आधी पोलीस ठाण्यात पोचतो त्याची कहाणी या साच्यात बसते, जो दवाखान्यात पडलाय तो आरोपी होतो. पण फिर्याद म्हणजे सिद्ध झालेली चूक नव्हे, आरोपपत्रही नव्हे. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. न्यायाधिकरणात कोणती बाजू जास्त संभवते एवढंच बघतात. म्हणून ड्रायव्हर फौजदारीत सुटला तरी भरपाईचा दावा टिकू शकतो. घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा, टायरच्या खुणा, गाडीचा कुठला कोपरा चेपला आहे, आरटीओचा तपासणी अहवाल, ढाब्यावरच्या किंवा टोलनाक्यावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण, हे फिर्यादीच्या त्या ठरीव वाक्यापेक्षा जड ठरतं. गाड्या हलवण्याआधी चार फोटो काढणं कुणाला जमलं तर बरं. जखमीला आधी उचला, हे सांगायला नको.

नुसतं गाडीचंच नुकसान असेल, म्हणजे अजिंठा चौफुलीवर दोन मोटारी घासल्या, दोघंही म्हणतात तुझी चूक, तर प्रकरण निराळं आहे. ज्याचा सर्वसमावेशक विमा आहे त्याने आपल्याच कंपनीकडे दावा लावायचा. तिथे चूक कोणाची हे बघून पैसे अडत नाहीत. परवाना वैध होता का, दारू प्यायला होता का, वेळेत कळवलं का, हे बघतात. तुमची कंपनी हवं तर पुढे समोरच्याकडून वसूल करेल. बहुतेक वेळा करत नाही, कारण 'तुमची गाडी तुम्ही भरा, आमची आम्ही भरतो' असा विमा कंपन्यांचा आपसातला जुना रिवाज आहे. तुमचा 'नो क्लेम बोनस' मात्र जातो. तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. निर्दोष माणसाला हा चटका बसतो आणि त्यावरची तक्रार मला योग्य वाटते. नुसता तिऱ्हाइताचा विमा असेल तर स्वतःच्या गाडीसाठी कंपनीकडून काही नाही. समोरच्याची चूक सिद्ध करायची आणि न्यायाधिकरणात जायचं. बंपरसाठी कोण जातं?

म्हणून मग रस्त्यावरच तडजोड होते. आपली फार जुनी रीत, आणि वाईट म्हणणार नाही मी. पण त्या तडजोडीत एक कागद लिहून घेतात, 'माझी चूक झाली, मी खर्च देतो'. गर्दी जमलेली, चार तरणी पोरं गाडीभोवती, माणूस घाबरून सही करतो. प्रत्येक मोटार पॉलिसीत एक अट असते, की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही. ती सही तुमच्याच दाव्याच्या आड येते. आणि समोरच्याला दोन दिवसांनी छातीत दुखायला लागलं तर तोच कागद न्यायाधिकरणात हजर होतो. नाव-पत्ता द्या, विम्याचा कागद दाखवा, पोलिसांना कळवा. चुकीचा निवाडा चौकात करू नका, तो तिथे होत नसतो.

एक पक्षकार अजून या गोष्टीत आलेला नाही: रस्ता. जळगाव शहरातून जाणारा महामार्ग सुरतेपासून नागपूरपर्यंतची अवजड वाहतूक शहराच्या पोटातून नेत होता, त्याच रस्त्याने पोरं सायकलवर शाळेत जात होती. समांतर रस्त्यांसाठी इथे आंदोलनं झाली. तोवर किती दाव्यांमध्ये 'सायकलस्वाराने अचानक रस्ता ओलांडला' असं लिहिलं गेलं असेल? ओलांडायला दुसरी जागाच नव्हती हे कुठल्या रकान्यात लिहायचं? २०१९ च्या दुरुस्तीत १९८-अ हे कलम आलं: रस्त्याची रचना आणि देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आलं, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. रक्कम बघून हसू येतं. तरी गौतमीच्या गोष्टीतला काळ प्रथमच कठड्यात उभा राहिला, असं मी म्हणेन.

शेवटी मुदतीचं, कारण ते आज सगळ्यात तातडीचं आहे. १९८८ च्या कायद्यात दावा सहा महिन्यांत लावायची अट होती. लोकांचे हाल बघून १९९४ साली ती काढून टाकली, आणि जवळजवळ अठ्ठावीस वर्षं मुदतच नव्हती. आपल्या भागात त्यामुळे एक सवय झाली, की दिवस-वर्षश्राद्ध होऊ द्या, कापूस घरात येऊ द्या, मग बघू वकिलाचं. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची अट परत आली आहे. त्याच नियमांत पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे, म्हणजे कुटुंबाने न मागता कागद तिथे पोचले पाहिजेत. मुदतीच्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. पण त्या भरवशावर थांबू नका. तुमच्या गावात कोणाच्या घरी असं झालं असेल तर तेराव्याला गेल्यावर तारीख विचारा, आणि सविस्तर अहवाल न्यायाधिकरणात गेला का, हे ठाण्यात जाऊन बघायला घरातल्या कोणाला तरी सांगा.

आता प्रश्न घेऊ. मागे त्या ताईंचा हात मघापासून वर आहे.